मालक शेअर घेतो, पण कोणाच्या पैशाने?

लहान कंपनीच्या प्रवर्तकाने बाजारातून स्वतःच्याच कंपनीचे शेअर उचलले अशी बातमी आली की भाव लगेच हलतो. "घरच्याला घरातलं माहीत असतं" हा त्यामागचा विचार. विचार चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कोल्हापूर आणि पुणे पट्ट्यातल्या लहान सूचीबद्ध कंपन्यांमध्ये मी अनेक वर्षे कंपनी सेक्रेटरी म्हणून काम केले. प्रवर्तकांच्या खरेदीला पूर्वमंजुरी देणे, ती खरेदी एक्सचेंजला कळवणे, गोपनीय माहिती कोणाकोणाला आहे याची नोंद ठेवणे हे माझे रोजचे काम होते. सेबीच्या व्याख्येप्रमाणे बाजारमूल्याच्या क्रमवारीत २५१व्या क्रमांकापासून पुढच्या सगळ्या कंपन्या स्मॉलकॅप. मी ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्या या यादीत बऱ्याच खालच्या, फाउंड्री, यंत्रमाग, रसायने अशा धंद्यांतल्या. त्या टेबलावर बसून जे कळले ते इथे मांडते.

१. बायबॅक आणि प्रवर्तकाची खरेदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

बायबॅकमध्ये कंपनी स्वतःच्या तिजोरीतून शेअर परत घेते आणि ते रद्द करते. तो पैसा सगळ्या भागधारकांचा असतो. प्रवर्तकाच्या खरेदीत तो स्वतः, त्याचे कुटुंब किंवा त्यांची एखादी गुंतवणूक कंपनी पैसे मोजते. बातमीत मात्र दोन्ही एकाच सुरात येतात.

समजा, कंपनीचे एक कोटी शेअर आहेत आणि त्यांतले साठ लाख प्रवर्तकाकडे. कंपनीने इतरांकडून दहा लाख शेअर परत घेतले आणि प्रवर्तकाने एकही दिला नाही. त्याचा वाटा ६० टक्क्यांवरून जवळपास ६७ टक्क्यांवर जातो आणि त्याच्या खिशातून एक रुपयाही जात नाही. यात गैर काही नाही, पण त्याला 'विश्वासाची खरेदी' म्हणता येत नाही. बायबॅकला कायद्याच्या मर्यादा आहेत: भरणा भांडवल आणि मुक्त राखीव निधी यांच्या २५ टक्क्यांपर्यंतच, त्यातही १० टक्क्यांपर्यंत संचालक मंडळाचा ठराव पुरतो, पुढे भागधारकांचा विशेष ठराव लागतो. टेंडर पद्धतीत १५ टक्के हिस्सा लहान भागधारकांसाठी राखीव असतो आणि तो कितीतरी जण वापरतच नाहीत, कारण पत्र आलेले त्यांना कळत नाही. बायबॅकचे मला कौतुक वाटते ते एवढ्यापुरतेच की कंपनीकडे खरोखर रोकड आहे हे त्यातून दिसते.

२. शेअर कसे आले, तो रकाना आधी वाचा

प्रवर्तक, संचालक किंवा संवेदनशील माहिती हाताळणारा नियुक्त कर्मचारी यांनी एका तिमाहीत दहा लाख रुपयांपेक्षा जास्त मूल्याचा व्यवहार केला की दोन ट्रेडिंग दिवसांत तो कंपनीला कळवायचा आणि पुढच्या दोन दिवसांत कंपनीने एक्सचेंजला. इनसायडर ट्रेडिंगविषयीच्या सेबीच्या २०१५ च्या नियमांतली ही तरतूद. सुरुवातीला आम्ही 'फॉर्म सी' हाताने भरत असू. आता पॅनशी जोडलेल्या डीमॅट खात्यांवरून बरीचशी माहिती डिपॉझिटरीमार्फत आपोआप जाते.

या नोंदीत शेअरची संख्या ठळक दिसते, म्हणून सगळे तीच पाहतात. मी आधी पाहते तो रकाना शेअर कोणत्या मार्गाने आले हे सांगणारा: बाजारातून, ऑफ मार्केट, बक्षीसपत्राने, वारसाने, प्रवर्तकांच्या आपसांतल्या हस्तांतरणातून, निवडक लोकांना केलेल्या प्राधान्य वाटपातून की कर्मचाऱ्यांसाठीच्या ईसॉपमधून. वडील गेले आणि त्यांचे शेअर दोन मुलांच्या नावावर चढले, तर नोंदीत मुलांची मोठी 'वाढ' दिसते. काकांनी पुतण्याला शेअर दिले तरी तसेच. घराचा एकूण वाटा तेवढाच राहतो. अशा नोंदींवरून 'प्रवर्तकांनी वाटा वाढवला' असे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेले मी पाहिले आहेत आणि त्या भरवशावर लोकांनी शेअर घेतलेलेही.

पडताळा सोपा आहे. तिमाही संपल्यावर २१ दिवसांत शेअरहोल्डिंग पॅटर्न जाहीर होतो. त्यात प्रवर्तक गटाची एकूण टक्केवारी मागच्या तिमाहीशी ताडून पाहायची. ती वाढली असेल आणि मार्ग 'बाजारातून' असेल, तरच पुढे वाचण्यात अर्थ आहे.

३. प्रवर्तक गप्प असेल तर आधी दिनदर्शिका पाहा

भाव कोसळला तरी मालक का घेत नाही, त्याचाच विश्वास उडाला का, हा प्रश्न मला फोनवर नेहमी विचारला जाई. बहुतेक वेळा उत्तर साधे असे: त्याला घेता येत नाही.

तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यावर ४८ तास उलटेपर्यंत ट्रेडिंग विंडो बंद असते. तिमाही निकालासाठी ४५ दिवसांची मुदत आहे, वार्षिक निकालासाठी ६० दिवसांची. मोठ्या कंपन्या दोन-तीन आठवड्यांत निकाल लावतात. लहान कंपन्यांत हिशेब खात्यात माणसे मोजकी, ऑडिटर अनेक कंपन्यांत अडकलेला, त्यामुळे निकाल १४ ऑगस्ट, १४ नोव्हेंबर, १४ फेब्रुवारी आणि ३० मे या शेवटच्या तारखांनाच लागतात. अशा कंपनीत खिडकी उघडी राहते ती ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर, नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेर, फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेर आणि एकटा जून. म्हणजे वर्षातले जेमतेम साडेपाच महिने. त्यातही एखाद्या विलीनीकरणाची किंवा मोठ्या व्यवहाराची बोलणी चालू असतील तर मी ती मध्येच बंद करत असे.

म्हणून एप्रिल-मेमधल्या शांततेवरून काही ठरवू नये. मार्च २०२० घ्या. २३ मार्चला सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्क्यांहून जास्त पडला. त्या महिन्यात अनेक प्रवर्तकांनी बाजारातून शेअर घेतले. १ एप्रिलला खिडकी बंद झाली आणि टाळेबंदीमुळे निकालांची मुदत वाढत गेल्याने काही कंपन्यांत ती जुलैअखेरपर्यंत बंद राहिली. त्या काळात खरेदीची नोंद नसण्याचा विश्वासाशी काही संबंध नव्हता.

उलट एक गोष्ट मी मोलाची मानते. वाईट निकाल लागला, भाव पडला आणि खिडकी उघडल्या उघडल्या प्रवर्तकाने घ्यायला सुरुवात केली, तर ती खरेदी बारकाईने पाहावी. वाईट बातमी सगळ्यांना सांगून झाल्यावर तो पैसे घालतो आहे.

४. पैसा कुठून आला, हा सगळ्यात मोठा प्रश्न

माझ्या मते बाकी सगळे प्रश्न यानंतरचे.

एका कंपनीत प्रवर्तकाने घरच्या मुदत ठेवी मोडून शेअर घेतले होते. गहाण काही नाही, कंपनीकडून उचल नाही, पगारात वाढ नाही. ते पूर्वमंजुरीचे पत्र घेऊन आले की त्यांच्या मनातली धाकधूक दिसायची, कारण पैसा बायको-मुलांचा होता. दुसरीकडे असेही प्रवर्तक पाहिले, ज्यांचे एका हाताने शेअर घेणे आणि दुसऱ्या हाताने गहाण ठेवणे सोबतच चाले. नोंद दोघांचीही 'बाजारातून खरेदी' अशीच होते.

शेअर गहाण असतील तर खरेदीचा अर्थच पालटतो. भाव पडला की सावकार आणखी तारण मागतो. मिळाले नाही तर गहाण शेअर बाजारात विकतो, त्याने भाव आणखी पडतो. अशा वेळी प्रवर्तक घेतो ते भाव सावरून धरायला. त्याला कंपनीची चांगली बातमी ठाऊक असेलच असे नाही. कर्जाचा हप्ता मात्र पक्का ठाऊक असतो. सत्यम ही काही लहान कंपनी नव्हती, पण धडा तिथलाच आहे. डिसेंबर २००८ मध्ये सावकारांनी प्रवर्तकांचे गहाण शेअर विकायला काढले, तेव्हा कुठे सामान्य भागधारकांना गहाणाचा विस्तार कळला. ७ जानेवारी २००९ ला सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजू यांचे हिशेबातल्या घोटाळ्याच्या कबुलीचे पत्र आले आणि त्याच महिन्यात सेबीने प्रवर्तकांनी गहाण शेअर जाहीर करणे सक्तीचे केले. आज शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये गहाणाचा वेगळा रकाना आहे. ऑक्टोबर २०१९ पासून प्रवर्तकाच्या वाट्यापैकी निम्मे किंवा कंपनीच्या एकूण भांडवलापैकी २० टक्के शेअर अडकले, तर कारणही लिहून द्यावे लागते. ते कारण वाचावे. 'वैयक्तिक गरज' एवढेच लिहिलेले असेल तर मी पुढे जात नाही.

गहाण नसले तरी एक दुसरी वाट असते. कंपनी एखाद्या संबंधित संस्थेला उचल देते, ती संस्था प्रवर्तकाच्या गुंतवणूक कंपनीला पैसे फिरवते आणि ती कंपनी बाजारातून शेअर घेते. म्हणजे शेवटी कंपनीच्याच पैशाने कंपनीचे शेअर. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ६७ नुसार, काही ठरावीक अपवाद सोडले तर, सार्वजनिक कंपनीला स्वतःचे शेअर घेण्यासाठी कोणाला कर्ज, हमी किंवा तारण देता येत नाही. कलम १८५ संचालकांना दिल्या जाणाऱ्या कर्जांना वेसण घालते. तरीही शोध घ्यायचा तो वार्षिक अहवालात मागे दडलेल्या संबंधित पक्षांच्या व्यवहारांच्या टिपणीत. खरेदीच्या वर्षात तिथल्या उचली, ठेवी, 'भांडवली कामासाठी आगाऊ रक्कम' वाढल्या का? प्रवर्तकाचा पगार आणि कमिशन नफ्यापेक्षा वेगाने वाढले का? या दोन प्रश्नांची उत्तरे खरेदीच्या बातमीपेक्षा जास्त सांगतात.

५. किती घेतले, ते त्याच्या ऐपतीशी ताडा

साठ टक्के वाटा असलेला माणूस दर आठवड्याला चार-पाचशे शेअर घेतो आणि खरेदीच्या नोंदींच्या यादीत त्याचे नाव सतत वर राहते. रक्कम जोडली तर त्याच्या महिन्याच्या पगाराइतकीही भरत नाही. मी सरळ हिशेब करते: त्याला कंपनीतून वर्षाला मिळणारा पगार, कमिशन आणि लाभांश एकीकडे, वर्षभरातली खरेदी दुसरीकडे. खरेदी वर्षाच्या कमाईच्या आसपास किंवा जास्त असेल तर तिला वजन आहे.

पण कमी खरेदीमागे कायद्याची भिंतही असू शकते. प्रवर्तकांचा वाटा ७५ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही, कारण २५ टक्के शेअर जनतेकडे असावे लागतात. ज्याच्याकडे ७४.९ टक्के आहेत तो घेणार काय? २५ ते ७५ टक्क्यांमध्ये असलेल्याला एका आर्थिक वर्षात पाच टक्क्यांपर्यंतच वाढ करता येते, त्यापुढे इतर भागधारकांचे शेअर घेण्याची ओपन ऑफर द्यावी लागते. बाजारात याला क्रीपिंग म्हणतात. आणि २५ टक्क्यांच्या जरा खाली असलेला तिथेच थबकतो, कारण रेषा ओलांडली की आणखी किमान २६ टक्क्यांसाठी ओपन ऑफर द्यावी लागते आणि तेवढे पैसे लहान उद्योजकाकडे नसतात.

६. वॉरंटची बातमी अर्धी असते

'प्रवर्तक कंपनीत इतके कोटी ओतणार' अशी बातमी वॉरंटची, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याच्या हक्काची, असेल तर ओतलेला असतो फक्त चौथा हिस्सा. २५ टक्के सुरुवातीला, उरलेले १८ महिन्यांत. भाव वाढला तर तो बाकी भरतो, पडला तर चौथा हिस्सा जप्त होऊ देतो आणि बाजूला होतो. म्हणून मी उरलेले पैसे येईपर्यंत वाट पाहते. तरी एक न्याय वॉरंटला द्यायला हवा. बाजारातल्या खरेदीचा पैसा विकणाऱ्याकडे जातो, वॉरंटचा कंपनीत येतो. ज्या कारखान्याला नवी भट्टी हवी आहे त्याच्यासाठी पूर्ण भरलेले वॉरंट बाजारातल्या खरेदीपेक्षा जास्त उपयोगाचे. जून २०२० मध्ये सेबीने त्या एका आर्थिक वर्षासाठी प्रवर्तकांची पाच टक्क्यांची मर्यादा दहा टक्के केली, तीही फक्त प्राधान्य वाटपासाठी. हेतू हाच होता: पैसा कंपनीत यावा.

७. पगारदार माणसाची खरेदी मला मालकाच्या खरेदीइतकीच महत्त्वाची वाटते

मालकाला कंपनीचा अभिमान असतो, नियंत्रणाची काळजी असते, भावकीतली चढाओढ असते. अर्थप्रमुख किंवा कारखाना व्यवस्थापक यांना यांतले काहीच नसते. त्यांच्या घराचा हप्ता चालू असतो, मुले शिकत असतात. शिवाय एकदा घेतले की सहा महिने विकता येत नाही. विकले तर झालेला नफा सेबीच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जमा होतो. अशा माणसाने ईसॉपमधून नव्हे तर बाजारभावाने, स्वतःच्या बचतीतून शेअर घेतले आणि त्याच महिन्यांत आणखी दोघांनी घेतले, तर मी त्या कंपनीचा अहवाल पहिल्या पानापासून वाचायला घेते. त्यातही खरेदी करणारा हिशेब सांभाळणारा असेल तर जास्तच. येणी खरोखर वसूल होत आहेत की नाहीत हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

८. प्रत्येक खरेदीत समोर एक विकणारा असतो

या मुद्द्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलावेसे वाटते, कारण याची चर्चा होत नाही.

वार्षिक सभेनंतर चहाच्या वेळी एक निवृत्त मोल्डर माझ्याकडे आले. कंपनीने पहिल्यांदा भांडवल उभारले तेव्हा कामगारांना दिलेले शेअर त्यांनी तेव्हापासून जपले होते. म्हणाले, "मॅडम, मालक सोता घ्यायला लागल्यात, मग आमी इकायचं का ठिवायचं?" माझ्या पदावरून सल्ला देता येत नव्हता. मी त्यांना निकाल, सूचना आणि खरेदीची नोंद कुठे मिळते ते दाखवले आणि मुलाला वाचून दाखवायला सांगा म्हटले. पण प्रश्न योग्य होता. मालक ज्या भावाला घेतो त्या भावाला कोणीतरी देतो, आणि लहान कंपनीत देणारा बहुधा असाच असतो: जुना कामगार, गावातला शिक्षक, कोणाची तरी विधवा.

म्हणून प्रवर्तकाची खरेदी चांगली की वाईट हे ठरवताना मी विचारते: त्याला जे ठाऊक आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक आहे का? कायद्याचा गाभाही हाच. भावावर परिणाम करणारी, पण प्रसिद्ध न झालेली माहिती हाती असताना व्यवहार करायचा नाही. पूर्वमंजुरी मागताना प्रत्येकाला तसे लिहून द्यावे लागते आणि मिळालेली मंजुरी सात ट्रेडिंग दिवसांपुरतीच चालते. एकदा प्रवर्तकांनी मंजुरी मागितली तेव्हा एका ट्रॅक्टर कंपनीच्या बऱ्याच मोठ्या कामाची बोलणी चालू होती. मी नकार दिला. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बरोबर आहे. आधी जाहीर होऊ दे." काम मिळाले, जाहीर झाले, भाव वर गेला आणि त्यांना चढ्या भावाने घ्यावे लागले. त्या माणसाबद्दलचा आदर माझ्या मनात आजही तसाच आहे. जून २०२५ पासून तर नेहमीच्या धंद्याबाहेरच्या कंत्राटांचा भावावर परिणाम करणाऱ्या अशा माहितीच्या यादीत स्पष्ट समावेश झाला आहे.

दुसऱ्या जातीचा प्रवर्तकही असतो. नफा चांगला, पण लाभांश देत नाही, गुंतवणूकदारांशी बोलत नाही, वार्षिक अहवाल शक्य तितका आखूड, आणि दर वर्षी थोडे थोडे घेत ७५ टक्क्यांकडे सरकतो. भाव पडलेला राहणे त्याच्या सोयीचे असते. पुढे कंपनी बाजारातून काढून घ्यायची झाली तर जेवढे शेअर बाहेर कमी तेवढा त्याचा खर्च कमी. इथे त्याचा कंपनीवर विश्वास खराच आहे, पण तुमचा आणि त्याचा फायदा एकाच बाजूला नाही. अशा ठिकाणी शेअर घेण्याआधी मागच्या काही वर्षांचा लाभांश पाहावा.

९. मालकाला धंदा कळतो, भाव कळतोच असे नाही

अमेरिकेतल्या कंपन्यांच्या १९७५ ते १९९५ या काळातल्या व्यवहारांवर लॅकोनिशॉक आणि ली यांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. आतल्या लोकांच्या खरेदीतून पुढच्या परताव्याचा अंदाज येतो, विक्रीतून फारसा येत नाही, आणि हा परिणाम मुख्यतः लहान कंपन्यांत दिसतो, असा त्याचा निष्कर्ष. तो मला पटतो, कारण लहान कंपनीवर नजर ठेवणारे विश्लेषक कमी, त्यामुळे आतल्याला ठाऊक असलेले बाहेर पोहोचायला वेळ लागतो.

पण कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीवाल्याला पुढच्या सहा महिन्यांच्या ऑर्डरी ठाऊक असतात. कच्च्या लोखंडाचा भाव कुठे जाईल, पाऊस दगा देऊन ट्रॅक्टरचा खप पडेल का, हे त्यालाही तुमच्याआमच्याइतकेच अंधारात. ज्याने कारखाना उभा केला त्याला प्रत्येक मंदी तात्पुरतीच वाटते. म्हणून खरेदीसोबत रोख प्रवाहाचे पत्रक वाचायचे. नफा दिसतो आहे, पण कामकाजातून रोकड येत नाही आणि येणी फुगत आहेत, तर मालकाच्या खरेदीवर मी भरवसा ठेवत नाही.

१०. घाई नको, आणि यादी नंतरही पाहत राहा

लहान शेअरमध्ये रोजची उलाढाल एवढीशी असते की प्रवर्तकाची दोन-तीन हजार शेअरची मागणीही भाव उचलते. नोंद आपल्यापर्यंत येते तोवर दोन-चार दिवस गेलेले असतात आणि बातमीने आणखी एखादे अप्पर सर्किट लागलेले असते. प्रवर्तकाची सरासरी किंमत नोंदीतल्या रकमेला शेअरच्या संख्येने भागले की मिळते. त्या किमतीच्या फार वर असलेला भाव मी धरत नाही. त्याची खरेदी संपली की मागणीही ओसरते आणि पुष्कळदा भाव त्याच्या किमतीजवळ परत येतो.

खरेदीनंतर सहा महिने उलटले की त्याच यादीत पुन्हा जायचे. विक्रीची नोंदही तिथेच, त्याच नावापुढे येते. कधी बायकोच्या नावावर घेतलेले भावाच्या नावावरून बाहेर जातात, म्हणून एकेक नाव न पाहता गटाची बेरीज करावी आणि ती मागच्या शेअरहोल्डिंग पॅटर्नशी जुळवावी.